मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर स्टॅटिक कसं रोखायचं: नागपूरच्या कोरड्या हवेसाठी क्रमवार मार्गदर्शक

मनगटाला पट्टा, टेबलावर निळी मॅट, आणि पट्ट्याची क्लिप खिडकीच्या गजाला लावलेली. बर्डीतल्या गाळ्यांपासून घरातल्या कोपऱ्यात मांडलेल्या टेबलापर्यंत हा थाट सर्रास दिसतो. सामान विकत घेतलेलं असतं, पण ते कशाला जोडलंय हे कुणी तपासलेलं नसतं. मग दुरुस्त करून दिलेला फोन पंधरा दिवसांनी परत येतो आणि खापर ‘डुप्लिकेट पार्ट’वर फुटतं.

खरं कारण बऱ्याचदा स्टॅटिक असू शकतं, म्हणजे घासण्याने अंगावर आणि वस्तूंवर साठणारा विजेचा चार्ज. आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘मला तर झटका लागला नाही, म्हणजे स्टॅटिक नव्हतं’ हे चूक आहे. माणसाला ठिणगी जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. बऱ्याच नाजूक आयसी (चिप) आणि मॉसफेटचं (बोर्डावरच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) गेट मात्र १०० व्होल्टच्या आसपासही दुखावतं. म्हणजे नुकसान होतं तेव्हा बहुतेक वेळा हाताला काहीच कळत नाही. शिवाय पार्ट लगेच मरेलच असंही नाही. तो अर्धमेला होतो, टेस्टिंगला पास होतो आणि गिऱ्हाइकाच्या खिशात जाऊन दगा देतो.

दुसरा गैरसमज खास आपल्याकडचा: स्टॅटिक म्हणजे थंडीतली भानगड. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो म्हणून ती लक्षात राहते, इतकंच. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते. ईएसडीच्या (स्टॅटिक एकदम उतरण्याच्या) पुस्तकांत नेहमी छापले जाणारे आकडे पाहा. टेबलावर नुसतं काम करताना अंगावर दमट हवेत १०० व्होल्ट साठत असतील, तर कोरड्या हवेत ६,००० पर्यंत जातात. पॉलिथिनची पिशवी टेबलावरून उचलली तर १,२०० च्या जागी २०,०००.

पुढचा क्रम बदलू नका. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १: पट्टा घेण्याआधी अर्थिंग तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. सॉकेटला वरचं मोठं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं होत नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या इमारतींत कित्येकदा त्या भोकामागे वायरच नसते. कुठे वायर असते, पण मीटरपाशी तुटलेली. आणि स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात तर तिसऱ्या पिनचा पितळी तुकडा नुसता शोभेला बसवलेला असतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून तीन मापं घ्या. चालू सॉकेटवर काम करायची सवय नसेल तर हे सगळं वायरमनकडूनच करून घ्या.

१. फेज आणि न्यूट्रल: साधारण २३० व्होल्ट.
२. फेज आणि अर्थ: पहिल्या मापाच्या जवळपास तेवढंच. इथे ९०, १२० असं काहीतरी अधांतरी आलं तर अर्थ तुटलेला आहे.
३. न्यूट्रल आणि अर्थ: अर्धा ते दोन-तीन व्होल्ट.

तिसऱ्या मापाशी जरा थांबा. त्याच बोर्डावर कपड्यांची इस्त्री लावा आणि माप पुन्हा पाहा. भार पडला की न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज थोडा तरी वाढायला हवा. काही केलं तरी तो ठार शून्यच राहत असेल, तर कुणीतरी सॉकेटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून ठेवले असण्याची दाट शंका घ्या. ‘भाऊ, टेस्टर दाखवतो ना बरोबर, मग झालं’ म्हणून पैसे घेऊन जाणारे असतात. ही जोडणी जीवघेणी आहे. उद्या न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर त्या बोर्डावरच्या प्रत्येक तीन-पिनी यंत्राचं धातूचं अंग फेजवर येईल.

तिन्ही मापं बरोबर आली तरी काम पूर्ण झालेलं नाही. डिजिटल मीटर फारच थोडा करंट ओढतो, त्यामुळे गंजून दोऱ्याएवढा उरलेला जोडसुद्धा त्याला ठणठणीत दिसतो. वायरमनला फेज-अर्थवर बल्ब लावून भार देऊन तपासायला सांगा, आणि अर्थ टेस्टरने अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजायला सांगा. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थची वाट मोकळी आहे. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडला तर अर्थची वायर जोडलेली आहे इतकंच कळतं. चांगले वायरमन ५ ओहमच्या आत रेझिस्टन्स मागतात. खरं तर स्टॅटिक उतरवायला याच्या कितीतरी पट जास्त रेझिस्टन्सही चालला असता. कमी ओहम लागतो तो तुमचा जीव वाचवायला.

उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा आतून कोरडा होतो. मार्चनंतर त्यात नियमित पाणी घाला. भाड्याच्या गाळ्यात बहुतेकांना आपला खड्डा कुठे आहे हेच माहीत नसतं. घरमालकाला विचारा, शोधून काढा.

सावधान, कूलर: कूलरच्या पत्र्यात करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. त्याचा तुमच्या टेबलाशी थेट संबंध आहे. कूलर आणि मॅट एकाच अर्थ वायरवर असतील आणि ती वायर मागे तुटलेली असेल, तर कूलरमधला लीकेज जमिनीत न जाता त्याच वायरने तुमच्या मॅटच्या पॉइंटपर्यंत येतो. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका. बसवला असेल तर त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

पाण्याचा नळ, खिडकीचा गज, शटर, टेबलाचा लोखंडी पाय यांपैकी काहीही अर्थ म्हणून वापरू नका. पाइप आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे आहेत, आणि गज भिंतीत बसवलेला असतो, जमिनीशी त्याचा भरवशाचा संबंध नसतो.

टप्पा २: टेबल रिकामं करा

अर्थिंगने फक्त ज्यातून करंट वाहतो त्या वस्तूंचा चार्ज उतरतो. प्लास्टिक, थर्माकोल, सेलोटेप, पॉलिथिन यांना अर्थची वायर बांधूनही काही उपयोग नाही, चार्ज जागच्या जागी बसून राहतो. उपाय एकच: त्यांना बोर्डापासून लांब ठेवणं. उघडा बोर्ड जिथे असेल तिथून किमान एक फूट अंतरात पुढच्या वस्तू नकोत:

- गिऱ्हाइकाचं सिलिकॉन कव्हर, थर्माकोलचे तुकडे, बबल रॅप
- चहाचा प्लास्टिकचा कप
- स्क्रू ठेवायचे साधे प्लास्टिकचे डबे
- सेलोटेपचा रोल (टेप खसकन ओढली की बराच चार्ज तयार होतो)
- टेबलाच्या काचेखाली किंवा वर अंथरलेला फ्लेक्स

शेवटची वस्तू बघून हसू नका. जुन्या बॅनरचा फ्लेक्स टेबलावर अंथरायची पद्धत आपल्याकडे भरपूर आहे.

टप्पा ३: मॅट, आणि एकच कॉमन पॉइंट

बाजारात दोन प्रकारच्या मॅट मिळतात आणि दुकानदार दोन्हींना ‘ईएसडी मॅट’ म्हणतात. पहिली निळी किंवा हिरवी सिलिकॉनची, स्क्रू ठेवायला कप्पे असलेली. ती उष्णता उत्तम सोसते. पण साधं सिलिकॉन पक्कं इन्सुलेटर आहे, स्टॅटिकच्या बाबतीत ती प्लास्टिकच्याच रांगेत बसते. दुसरी दोन थरांची रबरी मॅट: वरचा थर रंगीत, खालचा काळा, कोपऱ्यात वायर अडकवायला धातूचं बटण. तुम्हाला ही हवी. घेताना कडा वाकवून दोन थर दिसतात का पाहा आणि बटण आहे का पाहा. हीट गनचं काम जास्त असेल तर रबरी मॅटवर सिलिकॉनचा लहानसा तुकडा फक्त गरम कामापुरता ठेवा, नंतर उचला.

मॅटचा रेझिस्टन्स १० लाख ते १०० कोटी ओहम या पट्ट्यात असावा लागतो. चार्ज हळूहळू उतरावा, एकदम ठिणगी पडून नको, म्हणून. हे माप साध्या मल्टिमीटरच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यामुळे त्यावर ‘ओएल’ (मापाबाहेर) दिसलं म्हणून चांगली मॅट फेकू नका. उलट चार-पाचशे ओहम दिसले तर ती मॅट नको, ती फार वाहती आहे आणि चालू बोर्ड तिच्यावर ठेवला तर शॉर्ट होईल.

आता जोडणी. मॅटच्या बटणापासून एक वायर आणि मनगटाच्या पट्ट्याची एक वायर, दोन्ही एकाच कॉमन पॉइंटवर आणा, आणि तिथून एकच वायर सॉकेटच्या अर्थला. पट्टा मॅटला, मॅट सोल्डरिंग स्टेशनला, स्टेशन अर्थला अशी साखळी करू नका. मधला एक जोड सुटला की पुढचं सगळं अधांतरी होतं, आणि पत्ताही लागत नाही.

सॉकेटच्या अर्थला जोडायला फक्त अर्थची पिन असलेला तयार प्लग मिळतो, तोच घ्या. साध्या थ्री-पिन टॉपमध्ये वायर कोंबून घरी जुगाड केला आणि एखाद्या दिवशी आतली वायर सरकून फेजच्या स्क्रूला लागली, तर ती वायर तुमच्या मनगटाला बांधलेली आहे हे लक्षात असू द्या.

टप्पा ४: मनगटाचा पट्टा

खऱ्या पट्ट्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो तुमच्यासाठी आहे. चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्याच्या वाटेने ०.२३ मिलीअँपिअरच करंट जाऊ शकतो, बहुतेकांना तो जाणवतही नाही. वायर तुटली म्हणून कुणी तिच्या जागी साधी वायर जोडली, तर हे संरक्षण संपलं. टप्पा १ मधला कूलर आठवा.

१. पट्टा उघड्या कातडीवर, घट्ट. बाहीवर, घड्याळावर किंवा मनगटावरच्या जाड दोऱ्यांवर नको.
२. मल्टिमीटरने धातूच्या बटणापासून वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत मोजा: १ मेगाओहमच्या आसपास हवं. शून्य आलं तर रेझिस्टर नाही. ‘ओएल’ आलं तर वायर तुटली आहे. ती बहुतेक वेळा बटणापाशीच तुटते, म्हणून मोजताना तिथे वायर हलवून पाहा.
३. पट्टा घालून पुन्हा मोजा: एक प्रोब बोटांत घट्ट धरा, दुसरा वायरीच्या टोकाला लावा. ३५ मेगाओहमच्या आत हवं. मीटर तिथवर पोचत नसेल तर तयार स्ट्रॅप टेस्टर घ्या.

मे महिन्यात तिसरं माप अनेकांचं फसतं. कारण साधं आहे, कातडी कोरडी ठणठणीत. मनगटाला पाण्याचा हात लावा, मिनिटभराने पुन्हा मोजा. तेलकट क्रीम लावू नका, ती बोर्डावर जाते.

वायर नसलेला, ‘वायरलेस’ म्हणून विकला जाणारा पट्टा घेऊ नका. चार्ज कुठे जाणार, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

सावधान: टीव्हीची पॉवर सप्लाय, चार्जरचा मेन्सकडचा (२३० व्होल्टचा) भाग, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर अशा उघड्या मेन्सच्या कामात पट्टा काढून ठेवा. अर्थला बांधलेला माणूस तिथे जास्त धोक्यात असतो.

कपड्यांचं थोडक्यात: सुती शर्ट. थंडीत लोकरीचं किंवा सिंथेटिक स्वेटर असेल तर वरून सुती ॲप्रन. उन्हातून गाडीवर येताना तोंडाला बांधलेला दुपट्टा टेबलाजवळ सोडून झटकू नका, बाहेरच सोडा. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना अंगावर चार्ज चढतो, म्हणून पट्टा घालूनच उठा, मग काढा, आणि बसल्यावर आधी पट्टा, मग बोर्ड.

टप्पा ५: सोल्डरिंग आयर्न, ब्रश, आयपीए

दोन पिनांचं स्वस्त आयर्न या सगळ्या तयारीवर पाणी फिरवतं. त्याचं टोक अर्थला जोडलेलं नसतं आणि आतल्या हीटरमधून थोडा व्होल्टेज टोकावर येत राहतो. मोबाइलच्या बोर्डाला तीन पिनांचंच स्टेशन वापरा. प्लग काढून, आयर्न थंड असताना, टोक आणि प्लगची मोठी पिन यांत ओहम मोजा. नव्याचं २ ओहमच्या आत असतं. वापरून १० च्या वर गेलं तर टोक काढून त्याच्या दांड्यावरचा काळा थर पुसा, तरी उतरलं नाही तर टोक बदला.

नायलॉनच्या दातांचा टूथब्रश बोर्डावर घासायची सवय सोडा. काळ्या दांड्याचा ईएसडी ब्रश महाग नाही. आणि आयपीएची (आयसोप्रोपाइल अल्कोहोल, बोर्ड पुसायचं द्रव) बाटली उघडी ठेवू नका. त्याचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे तो वर्षभर, अगदी जानेवारीच्या दुपारीही, पेट घेण्याइतकी वाफ सोडतो. ठिणगी स्टॅटिकची असली तरी तिला तेवढी वाफ पुरते. लहान तोंडाच्या डिस्पेन्सरमधून लागेल तेवढंच घ्या, आणि ओल्या बोर्डावर लगेच हॉट एअर मारू नका.

टप्पा ६: खोलीतली हवा

आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवायची. त्यासाठी एक डिजिटल हायग्रोमीटर टेबलापाशी लावा, अंदाज नको. इथे नागपूरचा कूलर खरोखर कामाचा आहे. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या ओल्या झाल्या की खोलीतली हवा आपोआप दमट होते. एसी मात्र हवेतला ओलावा काढून घेतो. एसी घेतल्यावर परत येणारे पीस वाढले असतील तर कारण इथेही शोधा.

पण कूलरचा झोत टेबलावर सोडू नका. त्याच्याबरोबर धूळ आणि खाऱ्या पाण्याचे तुषार येतात, आणि उघड्या बोर्डावर काही दिवसांत पांढरे-हिरवे डाग दिसू लागतात. कूलर बाजूच्या खिडकीत लावा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. हायग्रोमीटर ६५ च्या वर गेला तर पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

दमट हवा असली की पट्टा नको, असं मात्र नाही. पावसाळ्यातही पट्टा घालायचाच. आर्द्रतेने चार्ज कमी साठतो, पण १०० व्होल्टला मरणाऱ्या पार्टला तेवढाही पुरतो.

टप्पा ७: फोन उघडण्याचा क्रम

१. फोन बंद करा, चार्जर काढा, कव्हर काढून लांब ठेवा.
२. पट्टा घाला, मॅटला हात लावा.
३. फोन मॅटवर ठेवा, धातूच्या फ्रेमला बोट लावा.
४. मागचं झाकण काढा आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. डिस्प्लेची फ्लेक्स (पातळ, लवचिक पट्टीसारखी केबल) त्यानंतर. हा क्रम उलटला तर बॅकलाइटचा आयसी जाऊ शकतो, आणि त्याचा दोष स्टॅटिकला देऊन उपयोग नाही.
५. नव्या डिस्प्लेची पिशवी आता उघडा, आधी नाही. पिशवी मॅटवर ठेवा, तिला हात लावा, मग पार्ट कडेला धरून बाहेर काढा.
६. स्क्रीनवरची संरक्षक फिल्म जोडणी झाल्यावरच आणि हळू सोलायची. झटक्यात सोलली की त्या पारदर्शक कागदावर आणि स्क्रीनवर मोठा चार्ज तयार होतो, तो फ्लेक्समधून सरळ डिस्प्लेच्या ड्रायव्हरकडे जातो.
७. बंद करताना बॅटरी सर्वांत शेवटी.

लॅपटॉपला आधी अॅडाप्टर, मग बॅटरी, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवणं. रॅम आणि एसएसडी कडेला धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. डेस्कटॉपची पॉवर केबल ‘अर्थसाठी’ लावून ठेवायचा सल्ला अजून फिरतो, तो पाळू नका. केबल काढा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला कॉमन पॉइंटची वेगळी वायर लावा.

मध्येच तपासा: काम करताना पट्ट्याची वायर कुठे निसटली तर नाही? खुर्ची मागे सरकवताना ती हमखास सुटते.

टप्पा ८: पिशव्या

गुलाबी पिशवी स्वतः फारसा चार्ज तयार करत नाही, पण बाहेरचा चार्ज अडवतही नाही. ती स्क्रू, केबल, किरकोळ सामान यांच्यासाठी. बोर्ड, रॅम, डिस्प्ले यांना चंदेरी शील्डिंग पिशवीच हवी, तोंड दुमडून बंद केलेली. चुरगळून चुरगळून आतला धातूचा थर तडकलेली पिशवी पुन्हा वापरू नका, उजेडासमोर धरली की तडे दिसतात. चंदेरी पिशवी मॅट म्हणून अंथरून तिच्यावर चालू बोर्ड ठेवणं हा आणखी एक जुना प्रकार. ती आत ठेवण्यासाठी बनवलेली आहे, वर ठेवण्यासाठी नाही.

बाहेरगावी काम पाठवणाऱ्यांनाही हे सांगून ठेवा. वर्धा, भंडारा, चंद्रपूरहून येणारे बोर्ड बऱ्याचदा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पॉलिथिन, वर थर्माकोल अशा थाटात येतात. असं पार्सल आलं तर ते मॅटवर उघडू नका. बाजूच्या टेबलावर थर्माकोल आणि पॉलिथिन हळूहळू सोडवा, झटकू नका. बोर्ड कागदासकट मॅटवर आणा, पट्टा घाला, आणि मगच कागद उलगडा. बोर्डाच्या कडेला, स्क्रूच्या भोकाभोवतीच्या ग्राउंडच्या चकतीला पहिलं बोट लावा. आणि काम घेताना पावतीवर लिहा: ‘शील्डिंग पिशवीशिवाय आले.’